पेठे बाईंच्या मागावर

धारप बाईंना घरी बोलवायचं म्हणजे आधी स्वयंपाकघर आवरून ठेवावं लागे. पाहुण्यांनी हॉलमध्ये बसायचं, चहा घ्यायचा, 'छान आहे हो घर' म्हणायचं आणि निघायचं, हा जगाचा रिवाज बाईंना मान्य नव्हता. दाराशी कॅनव्हासचे पांढरे बूट काढले की त्या सरळ स्वयंपाकघरात शिरायच्या आणि जमिनीवर मांडी घालून बसायच्या. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, आणि आपल्या फरशीवर बसून चहूकडे बघतेय! पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा मला वाटलं, चक्कर आली की काय. मी पाणी घेऊन धावले.

"पाणी नको. तू पण बस खाली," त्या म्हणाल्या. "काय दिसतं सांग."

मी बसले. माझ्याच स्वयंपाकघरात मी कित्येक वर्षांत अशी बसले नव्हते.

"सिलिंडर," मी म्हणाले. "आणि भिंत."

"बरोबर. आता तुझ्या सासूबाईंनी लसूण सोलायला कुठे बसावं, याचा विचार हे घर काढणाऱ्यानं केला असेल का?"

आमची जुईनगरची सोसायटी कोणत्या आर्किटेक्टनं काढली, हे मला काय ठाऊक! मी म्हणाले, "काढली असेल कोणीतरी."

झालं. ठिणगी पडली. बाईंनी बोट वर केलं. "'कोणीतरी' हे कोणाचंही नाव नाही. आई आपल्या पोराचं नाव कोणीतरी असं ठेवते का?"

हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतसुद्धा म्हणू शकेन. पूल असो, पाणपोई असो, बसस्टॉपचा बाक असो, बाईंचा पहिला प्रश्न एकच: हे कोणी केलं? भेळ खातानासुद्धा भेळेच्या गाडीची ही घडी घालायची रचना कोणी केली, असं त्यांनी भेळवाल्याला विचारलं होतं. तो बिचारा म्हणाला, "गाडी अपना ही है, मॅडम, चोरी का नहीं."

बाई जन्मभर मुंबईतल्या एका कॉलेजात वास्तुकलेचा इतिहास शिकवत होत्या. निवृत्त झाल्यावर आमच्या तळमजल्यावर राहायला आल्या. एकट्याच होत्या, लग्न केलं नव्हतं. मी वाशीच्या मसाला मार्केटमध्ये मिरचीच्या पेढीवर ऑफिस सांभाळते. बाईंना गाडी चालवता येत नव्हती आणि मला नाही म्हणता येत नव्हतं, त्यामुळे माझ्या स्कूटरची मागची सीट हळूहळू त्यांचीच झाली. माझ्या ओढणीला मिरचीचा खकाणा असायचा. बाई मागे बसून शिंकायच्या आणि शिंकांच्या मधे मला इतिहास शिकवायच्या.

त्यांचा एक जुना विद्यार्थी एकदा भेटायला आला होता. चांगला टक्कल पडलेला, मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. तो सांगत होता, पहिल्याच तासाला मॅडमनी कागद वाटले आणि सांगितलं, आपल्या आईचं स्वयंपाकघर आठवून काढा. पोरं परदेशातले घुमट न बघता काढणारी. पण मिठाची बरणी कोणत्या हाताला असते, तेच कोणाला आठवेना. "मी मीठ फ्रिजमध्ये काढलं होतं," तो म्हणाला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सुट्टीत घरी जाऊन परत काढून आणलंस, म्हणून पास केलं."

अशा बाईंना निवृत्तीनंतर एक ध्यास लागला होता. त्याचं नाव पेठे बाई.

कोपरखैरण्यात 'शेजार' नावाची बैठ्या घरांची एक जुनी वसाहत होती. होती म्हणावं लागतंय, ते का ते पुढे येईलच. मधे चौक, चौकाभोवती घरं, प्रत्येक घराला पुढे बसायला कट्टा. तिथल्या स्वयंपाकघरांत एक गंमत होती. ओट्यावरच्या नेहमीच्या खिडकीखेरीज बाजूच्या भिंतीत आणखी एक खिडकी, जमिनीपासून जेमतेम दीड वितीवर. खाली विळी घेऊन बसलं की थेट चौक दिसायचा. खेळणारी पोरं, येणारा-जाणारा, समोरच्या दारात बसलेली शेजारीण. बाई पहिल्यांदा तिथे गेल्या, त्या खिडकीशी बसल्या आणि उठेचनात. घरमालकीण कदम वहिनी, मूळच्या साताऱ्याकडच्या, शेवटी म्हणाल्या, "बाई, बसा की, पर मांजरावर लक्ष ठेवा. ह्या खिडकीतनं येऊन दूध पितंय."

गेटवर संगमरवरी पाटी होती. तिच्यावर वास्तुविशारद म्हणून एका साहेबांचं नाव. साहेब कधीच वारले होते. बाईंनी त्यांची इतर कामं पाहिली होती, त्यात असली खिडकी कुठेच नव्हती. "ज्या माणसानं जन्मात विळी हातात घेतली नाही, त्याला ही खिडकी सुचणार नाही," बाईंनी जाहीर केलं आणि कामाला लागल्या. साहेबांच्या ऑफिसातले एक निवृत्त ड्राफ्ट्समन त्यांनी ठाण्यातून शोधून काढले. मी बरोबर होतेच.

आजोबा म्हणाले, "'शेजार' ना? ते सगळं पेठे बाईंचं. निर्मला पेठे. साहेब नुसती सही करायचे. हुशार मुलगी होती हो. लग्न झालं आणि गेली."

"कुठे गेली?" बाईंनी विचारलं.

"कुठे म्हणजे? सासरी."

जिना उतरताना बाई धुमसत होत्या. "सासरी! हे सासरी नावाचं गाव नकाशात कुठे असतं गं? देशातल्या निम्म्या बायका तिथेच राहायला गेल्यात आणि तिथला पिनकोड कोणाला माहीत नाही."

तेव्हापासून पेठे बाईंचा शोध सुरू झाला. पुण्याचे पेठे झाले, नाशिकचे झाले. फोन करून बाई परक्या माणसांना विचारायच्या, तुमच्यात आर्किटेक्ट झालेली कोणी आत्या आहे का? एका पेठ्यांना वाटलं, स्थळ आलंय. आत्या नाही पण भाचा आहे म्हणाले.

याच काळात नेरूळच्या नोकरदार महिलांच्या एका वसतिगृहात बाईंना तीच खिडकी दिसली. तशीच, दीड वितीवर, स्वयंपाकघरात. तिथल्या जुन्या अधीक्षिकेनं अभिमानानं सांगितलं, "हे अपर्णा सामंत मॅडमनी केलंय. त्यांच्या उतारवयातलं काम. त्या सानपाड्यातच असतात, मुलाकडे."

आता कोणीही सांगेल, सानपाडा म्हणजे आमच्यापासून एक स्टेशन. उठावं, जावं, विचारावं. मीही तेच म्हणाले. पण बाईंचं डोकं फिरलं होतं. त्यांच्या मते हे सरळ सरळ उचलेगिरीचं काम होतं. बिचारी पेठे लग्न करून गेली, तिच्या कामावर साहेबांनी नाव लावलं आणि तिची खिडकी या सामंत बाईनं ढापली.

"अहो, निदान विचारून तरी बघू," मी म्हणाले.

"चोराला जाऊन विचारायचं, माल कोणाचा?" बाई म्हणाल्या. हट्टी म्हणजे किती हट्टी!

वर पुण्याच्या एका परिसंवादात त्यांनी हे सगळं बोलून दाखवलं. सामंत बाईंचं नाव घेऊन. "एका बाईच्या कामाचं श्रेय साहेबांनी नेलं," त्या म्हणाल्या, "आणि उरलेली कल्पना दुसऱ्या बाईनं." टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसून वाजवल्या. खरं सांगते, मला ते वाक्य फार आवडलं होतं.

मग आमच्याकडे पुतण्याचं लग्न निघालं. वाशीला हॉलमध्ये लग्न लागलं, वरात जुईनगरला आमच्या घरी आली, सुनेनं माप ओलांडलं. लक्ष्मीपूजन झालं आणि नाव ठेवायला ताटात तांदूळ पसरले. बाई शेजारधर्म म्हणून आल्या होत्या, हातात पेढा होता. पुतण्यानं अंगठीनं तांदळात नाव लिहिलं, तर ते तिचं माहेरचंच, प्राजक्ता. सूनबाईनं आधीच बजावलं असणार. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण आमच्या गावाकडच्या आत्याबाईंना ते रुचलं नाही.

"असं कुठं असतंय व्हय?" त्या म्हणाल्या. "नाव बदलायचं म्हंजे बदलायचं. मी म्हायेरची शेवंता. हितं आले आन् सुलोचना झाले. मालकांनी ताटात लिवलं आन् शेवंता संपली बगा. आता कोनी मागनं शेवंता म्हून हाक मारली तर मी वळून सुदिक बघायची न्हाई. आन् म्हायेरच्या गावात जाऊन सुलोचना कोन म्हून इचारा, कोन बी सांगायचं न्हाई."

सगळे हसले. मी बाईंकडे पाहिलं तर बाई हसत नव्हत्या. अर्धा पेढा हातात, अर्धा तोंडात, आणि चेहरा पांढराफटक.

"नंदा," त्या म्हणाल्या, "स्कूटर काढ."

"अहो, घरात लग्न आहे!"

"स्कूटर काढ म्हणते ना. मी गाढव आहे. मी पेठे आडनाव सोडायला तयार होते, पण निर्मला सोडायला तयार नव्हते. मला वाटलं, आडनाव बदललं तरी निर्मला कुठेतरी सापडेल. अगं, निर्मलाच राहिली नसेल तर?"

बाईंचं लग्नच झालं नव्हतं. त्यांचं नाव कोणी ताटात लिहिलं नव्हतं, पुसलं नव्हतं. शेकडो लग्नांत त्यांनी हे तांदूळ पाहिले असतील, पण त्या रिवाजाचा आपल्या शोधाशी संबंध आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. दोन बाया वेगळ्या म्हणून एकीला देवी केली, दुसरीला चोर, आणि आता दोघी एकच निघण्याची शक्यता समोर उभी होती.

नवी सून घरात, जेवणाची पंगत अजून बसायची होती, आणि मी पैठणी खोचून सानपाड्याला निघाले. जाऊबाई अजून टोमणे मारतात.

दार सामंत बाईंच्या सुनेनं उघडलं. आत खिडकीजवळ खुर्चीत एक बारीकशी म्हातारी बाई बसली होती. ऐंशीच्या पुढची असेल. केस पांढरे, पण डोळे तरतरीत. धारप बाई दारातच उभ्या राहिल्या. जन्मभर वर्ग गाजवलेल्या बाई त्या. पण हळूच म्हणाल्या, "निर्मला पेठे?"

सून म्हणाली, "नाही हो, या अपर्णा. तुम्ही चुकलात वाटतं."

"थांब," म्हातारी म्हणाली. मग आमच्याकडे नीट पाहून म्हणाली, "ही हाक कोणी मारली? माझी बहीण गेल्यापासून मला या नावानं कोणी बोलावलं नाही."

बाई पुढे गेल्या आणि त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसल्या. हे मात्र सवयीनं नव्हतं.

"मी तुमची गुन्हेगार आहे," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला चोर म्हटलंय. भर सभेत."

"अगं बाई! कोणाची चोरी केली मी?"

"तुमचीच."

सामंत बाई इतक्या हसल्या की सून पाणी घेऊन आली. सगळी हकिकत ऐकल्यावर त्यांनी आपली सांगितली. लग्न ठरलं तेव्हा 'शेजार'चं काम चालू होतं. ते पूर्ण करून त्या ऑफिस सोडून सासरी गेल्या. सासरी आधीच एक निर्मला होत्या, मोठ्या जाऊबाई. म्हणून यांची अपर्णा झाली. मुलं मोठी झाल्यावर दुसऱ्या ऑफिसात नोकरी धरली, तिथे सगळे अपर्णाच म्हणायचे. "मी पण विसरले होते हो," त्या म्हणाल्या. "विसरायला लागतं."

"आणि ती खिडकी?" बाईंनी विचारलं.

"माझी आई दिवसभर जमिनीवर बसून काम करायची. निवडायची, चिरायची, वाटायची. तिच्यासमोर जन्मभर भिंत होती. मी शिकत होते तेव्हाच ठरवलं होतं, मला घर काढायला मिळालं तर ती भिंत फोडायची. साहेबांनी विचारलं, खिडकी इतकी खाली कशाला? मी सांगितलं, हवा खेळते. खरं कारण सांगितलं असतं तर खोडून टाकली असती त्यांनी."

परत येताना बाई स्कूटरवर शिंकल्याही नाहीत. फाटकाशी उतरल्यावर म्हणाल्या, "'शेजार'च्या गेटवर नाव लागलं पाहिजे. तिच्या डोळ्यांदेखत."

घाईचं कारण होतं. 'शेजार' रिडेव्हलपमेंटला जाणार होती. टॉवर येणार, लिफ्ट येणार, पार्किंग येणार. बैठ्या घरांत पाणी भरायचं, भिंतींना ओल होती, पोरं मोठी झाली होती. लोकांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. बाईही कधी म्हणाल्या नाहीत. त्यांना घरं वाचवायची नव्हती, नाव वाचवायचं होतं, आणि तेही ऐंशी ओलांडलेल्या बाईनं बघेपर्यंत.

'शेजार'च्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रे. मूळचे इथल्याच खाडीकाठच्या गावचे, माणूस दिलदार, पण व्यवहारी. बाईंचं म्हणणं ऐकून ते म्हणाले, "बाय, पाडायचाच हाय, तं पाटी कशाला? आमी इथं बिल्डरची टेन्शन घेऊन बसलोय. पाटी लावली की कोन म्हनंल हेरिटेज हाय, मंग काम अडकंल."

"खुशाल पाडा," बाई म्हणाल्या. "मी एक वीटसुद्धा अडवणार नाही. पण कोणाचं पाडतोय, ते तरी पाडणाऱ्यांना कळू द्या."

"पन गेटवर नाव हाय ना साहेबांचा!"

"तेच तर."

विषय सभेत ठेवू म्हणाले. सभेत विषय शेवटी आला, तोवर कार्पेट एरियावरून भांडणं होऊन लोक उठून गेले. पुढच्या सभेतही तेच झालं. बाई प्रत्येक वेळी मागच्या खुर्चीवर ताठ बसून राहायच्या. एकदा येताना त्यांनी मला विचारलं, "सभेला सगळे पुरुषच कसे गं?" मी सांगितलं, घरं नवऱ्यांच्या नावावर, सभासद तेच, हात वर करायचा अधिकार त्यांचाच. बाई म्हणाल्या, "मग सभा दुपारी घेऊ या. स्वयंपाकघरात."

त्यानंतर बाईंनी 'शेजार'मधलं एकेक स्वयंपाकघर गाठलं. मला जमेल तेव्हा मी सोडायला जायचे, नाहीतर रिक्षानं. प्रत्येक घरी फरशीवर बसायच्या, खिडकीकडे बोट दाखवायच्या आणि सांगायच्या, ही खिडकी तुमच्यासारख्याच एका बाईनं तुमच्यासाठी ठेवली, तिच्या साहेबांना थाप मारून. त्या थापेचं बायकांना फार कौतुक वाटायचं. कदम वहिनी म्हणाल्या, "आत्ता कळलं! आमच्या आत्याबाई अंथरुणाला खिळल्यावर आमी त्यांची गादी इथंच टाकली हुती. शेवटपतुर चौकातली समदी खबर त्यांना आधी. ही बाई कुठं असती? तिच्या पाया पडायला पायजे."

"पाया नको पडू. नवऱ्याला हात वर करायला सांग," बाई म्हणाल्या.

पुढच्या सभेला विषय पहिला घेतला गेला. का, ते म्हात्र्यांनाच ठाऊक. त्यांच्याही घरात स्वयंपाकघर होतंच की. बाई उभ्या राहिल्या आणि आपली चूक आधी सांगितली. सामंत बाईंना चोर कसं म्हटलं, तांदळाच्या ताटानं डोळे कसे उघडले, सगळं. "भर सभेत चुकले, तर भर सभेतच सांगितलं पाहिजे. पुण्यालाही सांगून आले," त्या म्हणाल्या. मग पाटीचं विचारलं. मुकाट्यानं हात वर झाले, एकूणएक. दाराबाहेर चौकात बायका उभ्या होत्या, तिकडे चोरून बघत हात वर करणारे नवरे मी त्या दिवशी पाहिले. म्हात्रे हसून मला म्हणाले, "तुमची बाय लय पोचलेली हाय."

आता राहिला प्रश्न नावाचा. सामंत बाईंचा मुलगा म्हणाला, आईचं नाव अपर्णा सामंत आहे, तेच लावा. सामंत बाई म्हणाल्या, "हे निर्मलानं केलंय. अपर्णा तेव्हा जन्मलीच नव्हती. वसतिगृहावर लावायचं तर अपर्णा लावा."

धारप बाईंना दोन्ही हवी होती. "मधे ऊर्फ घालू."

"ऊर्फ चोरांना लावतात," सामंत बाई म्हणाल्या, आणि दोघी पुन्हा हसायला लागल्या. पण बाईंनी हेका सोडला नाही. त्या म्हणाल्या, "उद्या माझ्यासारखीच कोणी हट्टी बाई शोधायला निघेल. एकच नाव लिहिलं तर तिलाही दोन बायका सापडतील, आणि ती दोघींची भांडणं लावून देईल. तुम्ही दोन्ही नावांनी राबलात ना? मग एक का टाकायचं?"

सामंत बाई सुनेला म्हणाल्या, "कागद आण. आणि पट्टी. निर्मला आधी येईल. आणि अक्षर मी काढून देईन."

त्यांनी पट्टीनं दोन फिकट रेघा मारल्या, जुने ड्राफ्ट्समन मारायचे तशा, आणि रेघांमध्ये एकेक अक्षर बसवायला लागल्या. हात थरथरत होता. 'नि'ची वेलांटी वाकडी गेली. त्यांनी खोडरबर मागितलं. धारप बाईंनी खोडरबर पदराखाली लपवलं आणि म्हणाल्या, "सापडत नाहीये." दुसऱ्याची रेघ वाकडी गेली तर वही परत करणाऱ्या बाई त्या. मला रडू आलं, ते मी मिरचीवर ढकललं.

पाटी कोरणारा म्हणाला, मॅडम, कॉम्प्युटरवर सरळ करून घेऊ, मस्त फॉन्ट आहे. "हात लावून तर बघ," बाई म्हणाल्या, आणि तो कोरेपर्यंत स्टूल टाकून त्याच्या दुकानात बसल्या. काळ्या दगडावर तशीच थरथरती अक्षरं आली. 'रचना: निर्मला पेठे, लग्नानंतर अपर्णा सामंत.'

पाटी साहेबांच्या पाटीशेजारी लागली. सामंत बाईंना मुलानं गाडीतून आणलं. 'शेजार'मधल्या बायकांनी त्यांची ओटी भरली. त्या पाटीसमोर उभ्या राहिल्या, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"अक्षरं वाकडी आलीत," त्या म्हणाल्या.

"येऊ देत," बाई म्हणाल्या. "तुमची आहेत."

सामंत बाईंनी हात वर केला आणि आपल्या पहिल्या नावावरून बोट फिरवलं.

घरं रिकामी व्हायला लागली, लोक भाड्याच्या जागांत गेले. पाडायची वेळ आली तेव्हा म्हात्रे म्हणाले, पाटी बिल्डरच्या ऑफिसात ठेवू, नव्या गेटवर लावू, जबान दिलीय त्यानं. बाई म्हणाल्या, "जबान त्याच्याकडे राहू दे. पाटी माझ्याकडे. गेट झालं की मागायला या."

टॉवर अजून व्हायचा आहे आणि बाई आता नाहीत. पाटी काढून आणली त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या आजारी पडल्या आणि उठल्याच नाहीत. जायच्या आधी त्यांनी पाटी माझ्या ताब्यात दिली. ती माझ्या दाराशी उभी आहे, आणि मी म्हात्र्यांना फोन करत असते. ते म्हणतात, "लावतो बाय, नक्की लावतो. बाय वरून बगते हाय, माज्यात काय हिंमत?" त्यांनी नाही लावली तर मी काय करणार, ते त्यांनाही ठाऊक आहे. स्वयंपाकघरं अजून आहेत.

पण बाई डोळ्यांसमोर येतात त्या पाटी आणायच्या दिवशीच्या. टेम्पोत ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी होती. बाई तिथे बसायला तयार नाहीत. मागे, उघड्यावर, गोणपाटावर पाटी उभी करून तिला धरून बसल्या. पांढरे बूट समोर ताणलेले, पदर कमरेला खोचलेला, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला ड्रायव्हरच्या नावानं शंख. मी स्कूटरवर मागोमाग. वाशीजवळच्या सिग्नलला गाड्या थांबल्या. शेजारच्या रिक्षात भाजीच्या पिशव्या घेऊन एक बाई बसली होती. तिनं दगडाकडे पाहिलं.

"कोन गेलं, आजी?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"कोणी गेलं नाही," बाई म्हणाल्या. "घरं बांधणारीचं नाव आहे हे. वाच."

बाईंचा तळवा दगडावर होता, मधला 'लग्नानंतर' हा शब्द त्याखाली झाकलेला. रिक्षातली बाई अक्षर लावत लावत वाचायला लागली. "निर्मला पेठे... अपर्णा सामंत. दोघींनी मिळून बांधली व्हय?"

तेवढ्यात सिग्नल सुटला. मागून हॉर्न सुरू झाले, टेम्पोला हिसका बसला, रिक्षा डावीकडे वळायला लागली. बाई चालत्या टेम्पोत गुडघ्यांवर उठल्या. एका हातानं दगड घट्ट धरला, दुसरा हात वर केला आणि त्या सगळ्या कल्लोळात जीव खाऊन ओरडल्या, "दोघी नाही गं! एकच! एकच बाई!"